वाकड्या मोहावरचा आळ

एक व्यक्ती सोडली तर हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. माझ्या मार्गदर्शकांना नाही, वसतिगृहात तीन वर्षे शेजारच्या खाटेवर झोपलेल्या मैत्रिणीला नाही, आणि ज्या मुलाखत समितीपुढे मी हीच गोष्ट सजवून मांडली व प्रवेश मिळवला, तिला तर नाहीच. त्यांना मिळाली ती सुधारित प्रत होती. तुम्हाला मूळ प्रत देते आहे — खाडाखोडीसकट. आणि एक आधीच सांगते, म्हणजे तुम्ही उगाच रुमाल शोधणार नाही: ही हरण्याची गोष्ट नाही. हिच्या शेवटी एक बाई जिंकते, पूर्णपणे आणि पुराव्यानिशी. जिंकणारी मी नाही, इतकेच.

माझ्या आईला अर्धशिशी आहे. नागपूरच्या ज्या संस्थेत मी वैद्यकीय संख्याशास्त्रात संशोधन करते तिथे तिला मायग्रेन म्हणतात. गोंदिया जिल्ह्यात दरेकसाच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या आमच्या गावात नुसते ‘डोकं धरलं’ म्हणतात. डोके धरले की आई खोलीचे दार लावून घेई आणि फटीत टॉवेल खोवून उजेड बंद करी. डावा डोळा, त्याच्या मागची कवटी, मग उलट्या — आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा असा, जणू रात्रभर कुणी तिच्याकडून धान मळून घेतले आहे. मी पाच वर्षांची असल्यापासून पातेल्यावर झाकण आवाज न करता ठेवायला शिकले. तेव्हा, माझे आईवर प्रेम नव्हते असे कुणी म्हणू नये. मीही म्हणत नाही. पण प्रेम होते हा माझ्या बाजूचा पुरावा आहे, की माझ्या विरुद्धचा?

अकरावीत असताना मी एक वही सुरू केली. आमगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान प्रदर्शन होते आणि इतरांनी थर्माकोलचे ज्वालामुखी करायचे ठरवले होते. मला काहीतरी खरे करायचे होते. विषय निवडला: रोजच्या कोणत्या गोष्टींमुळे अर्धशिशीचा झटका येतो? दोनशे पानी वही, फूटपट्टीने आखलेले रकाने — तारीख, झोप, जेवण, ऊन, वास, कुठे गेली, डोके दुखले की नाही. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत एकही दिवस सुटला नाही. आईला त्या वहीचे इतके कौतुक की ती रोज संध्याकाळी, मी न विचारता, माझ्यासमोर येऊन बसायची आणि दिवस सांगायची. “लिही. सकाळी ताक पेली. दुपारी लाकडं आनली. आज नाई दुखलं.”

मार्च-एप्रिल हे आमच्याकडे मोहाचे दिवस. पहाटे फुले गळतात, उन्हे चढण्याआधी वेचायची, अंगणात वाळत घालायची; मग काही विकायची, काही बैलांना, काही घरात लाडवांना. वास गोड, जड — कपड्यांना, केसांना, गोधडीला लागून राहणारा. आई सौंदडची, धानाच्या सपाट मुलखातली. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिने मोह कधी वेचलेला नव्हता. सासूने तिला एका झाडाखाली नेले, बुंध्यातून पूर्वेला झुकलेल्या, ज्याला सगळे गाव वाकडा मोह म्हणते, आणि सांगितले, हे आपल्या घराचे. आमच्या गावात मोहाच्या प्रत्येक झाडाखाली वेचण्याचा हक्क एकेका घराचा असतो. तो कोणत्याही सातबाऱ्यावर नाही. हंगामाच्या आधी जी बाई झाडाखालचा पाला झाडून जमीन लख्ख करते, झाड तिचे. एखादे घर लागोपाठ तीन हंगाम झाडायला आले नाही, की झाड दुसऱ्या झाडूकडे जाते. तक्रार नाही, पंचायत नाही.

आईसाठी वाकडा मोह म्हणजे नुसती फुले नव्हती. वर्षातले ते पाच-सहा आठवडे — ती घरातून एकटी बाहेर पडायची, आजूबाजूच्या झाडांखालच्या बायांशी या टोकाहून त्या टोकाला ओरडून बोलायची, हसायची. घरात मी तिला तसे हसताना कधी पाहिले नाही. मोहाखालून परतलेली आई ही मला थोडी अनोळखी, थोडी जास्त उंच वाटायची.

आणि माझ्या वहीचा निष्कर्ष काय निघाला? आईच्या अर्धशिशीचे प्रमुख कारण — मोहफुलांचा वास.

मी तो प्रदर्शनात स्तंभालेखासह मांडला. पहिला क्रमांक आला. मग आई ती वही घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेली; त्यांनी पाने चाळली, मुलीने इतके बारकाईने लिहिले आहे म्हणून मला शाबासकी पाठवली आणि चिठ्ठीवर औषधांखाली लिहून दिले — मोहाचा वास टाळावा. त्यांचे काय चुकले? त्यांनी पुराव्यावर विश्वास ठेवला. घरी येऊन आईने वेताचा टोपला माळ्यावर टाकला. गावातल्या बायांना ती अभिमानाने सांगायची, “मोहाच्या वासानं डोकं धरते माजं. माज्या पोरीनं वहीत लिहून काढलं.” तीन हंगाम गेले. चौथ्या हंगामात वाकड्या मोहाखालचा पाला रुखमाकाकीने झाडला. रुखमाकाकी म्हणजे आईची चुलत जाऊ, दोन घरे सोडून राहणारी, गावातली सर्वांत तिखट जीभ. आईने दारातून तिला झाडू घेऊन जाताना पाहिले. आत येऊन तांदूळ निवडत बसली — आधीच निवडलेले.

आता, इथे थांबले तर ही गोष्ट एका चुकीची होते. आणि चूक सांगणे फार सोपे असते, नाही? चूक म्हणून जे काही सांगता येईल ते मी आज वर्गात शिकवू शकते. झटका आला की माणूस मागे वळून निमित्त शोधतो, आणि त्याला ते सापडतेच. कारण रोज घडणाऱ्या गोष्टी झटक्याच्या आदल्या दिवशीही घडलेल्याच असतात. ताक पिऊनही डोके दुखले नाही असे दिवस कुणी मोजत नाही. त्याहून अवघड गोष्ट ही — झटका डोके दुखायला लागल्यावर सुरू होत नाही. कित्येकांना काही तास, कधी आदल्या दिवसापासून त्याची चाहूल लागते: जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, एखादा पदार्थ खावासाच वाटतो, वास टोचू लागतात. मग माणूस म्हणतो, त्या वासाने डोके धरले. वास हे कारण नसते. तो पाहुणा घरात शिरल्यावर उंबऱ्याशी दिसलेली चप्पल असते. काही लोकांची काही निमित्ते खरीही असतील — उपास, जागरण. पण आपण ज्यांना निमित्त म्हणून शिक्षा देतो त्यांतली किती निर्दोष असतील?

हे सारे मला अकरावीत ठाऊक नव्हते, हे खरे. पण माझी चूक ती नव्हती.

मला एवढे नक्की ठाऊक होते की ज्या दिवशी दुखले नाही ते दिवसही मोजायचे असतात. मी ते लिहिले होते. मोहाखाली गेली, दुखले नाही. मोहाखाली गेली, दुखले नाही. मोहाखाली गेली, खूप हसली, दुखले नाही. प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी मी दुसरी वही आणली, सगळे रकाने पुन्हा आखले आणि सुवाच्य प्रत काढली — आणि त्या प्रतीतून तसे दिवस गळाले. एवढ्याने भागले नाही. स्तंभ पुरेसा उंच दिसेना. म्हणून तीन तारखांना, जेव्हा डोके दुखले होते पण आई मोहाकडे फिरकलीही नव्हती, मी ‘कुठे गेली’ या रकान्यात ‘मोहाखाली’ असे लिहिले. त्यांतल्या एका दिवशी तर आई गोंदियाला गाडी बदलून सौंदडला, माझ्या मामेबहिणीच्या लग्नात होती. वाकड्या मोहापासून दोन गाड्या दूर. पहिली वही मी चुलीत घातली. धूर झाला, आई म्हणाली कागद कायले जाळून राहिली, मी म्हटले, रफ होते.

ही चूक नव्हे. याला शब्द आहे — बनावट — आणि तो आमच्या क्षेत्रात सर्वांत घाण शब्द आहे.

का केले? ‘का’ या प्रश्नाला मी बराच काळ उत्तर देत नव्हते — स्वतःलाही. ते असे. त्या मार्चमध्ये वर्गातल्या गोंदियाच्या चार मुली स्कूटीवरून आमच्या बाजूचा धबधबा पाहायला आल्या. मी त्यांच्यासोबत होते. परतताना सडकेवर समोरून आई आली — डोक्यावर टोपला, पदर कमरेला खोचलेला, हात मोहाने चिकट. ती मला पाहून थांबली, हसली. मी ओळख करून देईन याची वाट पाहत उभी राहिली. एक मुलगी हळू, पण पुरेशा मोठ्याने म्हणाली, “अरे, तेरी मम्मी महुआ बीनती है? फिर तो तेरे घर रोज पार्टी होती होगी.”

सगळ्या हसल्या.

नंतर मी स्वतःला सांगत आले की त्या मुलीच्या, मोहाच्या दारूवर बोट ठेवणाऱ्या वाक्यामुळे हे घडले. पण मी निमित्त आणि कारण यांतला भेद ओळखून पोट भरते. ते वाक्य निमित्त होते. असली वाक्ये अनेकींच्या कानांवर पडतात आणि त्या घरी जाऊन खोट्या वह्या लिहीत नाहीत. कारण माझ्यात आधीपासून होते — मला पांढऱ्या कोटातल्या, पुस्तकांच्या कपाटापुढे उभ्या असलेल्या माणसांत जायचे होते, आणि माझ्या डोळ्यांसमोरच्या त्या छायाचित्रात डोक्यावर टोपला घेतलेल्या बाईला जागा नव्हती. आईला सरळ सांगण्याची हिंमत नव्हती — जाऊ नकोस, मला लाज वाटते. म्हणून मी विज्ञानाला सांगायला लावले. विज्ञानाचे ती ऐकणारच होती. ते तिच्या मुलीच्या अक्षरात होते.

पुढे मी वर चढत गेले. नागपूरला प्रवेशाच्या मुलाखतीत विचारले, संख्याशास्त्राकडे कशा वळलात? मी वहीची गोष्ट सांगितली: खेड्यातली मुलगी, आजारी आई, आखलेले रकाने. समितीतल्या एका बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारले, न दुखलेल्या दिवसांच्या नोंदी कुठे होत्या?  मी नम्रपणे हसले आणि म्हटले, त्या वयात त्यांचे महत्त्व मला कळले नव्हते. ती माझी पहिली चूक, मी पुढे म्हणाले, आणि तिनेच मला इथे आणले. बाई प्रसन्न झाल्या. स्वतःची मर्यादा ओळखणारी विद्यार्थिनी, असे त्या म्हणाल्याचे मला पुढे कळले. खोट्यावर मी अज्ञानाचा मुलामा चढवला आणि तो सोन्याच्या भावाने खपला.

मग मार्गदर्शकांनी मला कामाला लावले ते नेमके याच कामाला. डोकेदुखीच्या रुग्णांनी भरलेल्या नोंदवह्या, शेकडो पाने — अत्तराचा वास, ऊन, शेजारणीची फोडणी, सासूचा फोन. प्रत्येक पानावर कुणीतरी काहीतरी सोडून दिलेले. एका शिक्षिकेने बागेत जाणे सोडले होते. एका आजोबांनी पाच वर्षे नातवाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला नव्हता. मी रकाने तपासत होते आणि हळूहळू मला दिसू लागले की यांतल्या कित्येक आरोपींविरुद्ध पुरावा नाही. रोज संध्याकाळी मी कुणा अनोळखी माणसाच्या निमित्ताला निर्दोष सोडून खोलीवर यायचे. आणि वाकडा मोह? त्याच्यावरचा आळ तर मी स्वतः रचला होता.

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस मी दोन महिन्यांची परवानगी काढून गावी गेले. आईला म्हटले — लक्ष द्या, काय म्हटले — “आई, माझी तेव्हाची वही चुकली असेल. पुन्हा तपासू.” चुकली असेल! पुन्हा तोच मुलामा. पण तपासायचे खरेच होते, आणि ते कसे करायचे याबद्दल मात्र या वेळी मी स्वतःवर काडीचाही विश्वास ठेवणार नव्हते.

 तिसऱ्या दिवशी आईने माळ्यावरून टोपला काढला, धुतला आणि रुखमाकाकीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागे. काकी लसूण सोलत होती.

“वाकड्याखाली येऊ म्हणतो,” आई म्हणाली.

“तुजं तं डोकं धरते वो. पोरीनं सिद्ध केलं होतं ना.”

“पोरगी म्हणते का आता पुन्हा पाहाव लागते.”

काकीने माझ्याकडे पाहिले. “पोरगी कायबी म्हणते. झाड तुजा होता, मंजूर. पन खालचा पाला एवढी वर्सं मीनं झाडला.”

मी पुढे झाले आणि सुचवले की एक दिवस काकीने वेचावे, एक दिवस आईने. काकीने लसूण खाली ठेवला. “मोह का घडी पाहून पडते? माज्या दिवशी चार फुलं आनि हिच्या दिवशी टोपलाभर, मंग? चिठ्ठी टाका. रोज संध्याकाळी. देवाले ठरवू द्या.”

मी काकीच्या पाया पडता पडता राहिले. ज्या गोष्टीला आम्ही यादृच्छिक वाटप म्हणतो, ज्यासाठी विद्यार्थ्यांना आठवडाभर व्याख्याने द्यावी लागतात — की कोणता दिवस कोणाच्या वाट्याला येईल हे संशोधकाच्या, रुग्णाच्या, कुणाच्याच मर्जीवर राहू नये — ते रुखमाकाकीने लसूण सोलता सोलता फुलांच्या वाटणीसाठी मागितले होते. ईश्वरचिठ्ठी. ग्रामपंचायतीत समसमान मते पडली की काढतात तीच. याहून निर्मळ आराखडा मला नागपुरात सुचला नसता.

नियम असे ठरले. संध्याकाळी, चिठ्ठी काढण्याच्या आधी, आईने वहीत खुणा करायच्या: जांभया आल्या का, मान आखडली का, वास टोचले का, जेवण चुकले का. मग काकी डब्यातून चिठ्ठी काढणार. मोह निघाला तर पहाटे आई झाडाखाली. घर निघाले तर काकी. दुसऱ्या संध्याकाळी आईने लिहायचे, दुखले की नाही. वही तांदळाच्या कोठीत ठेवायची, आणि हंगाम संपेपर्यंत मी तिला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम मी घातला. आईला वाटले, शास्त्राचा असेल. शास्त्राचाही होता.

“जांभया मोजाची पन नोकरी असते काय वो?” काकी रोज विचारायची. “मले लावून दे. माज्या घरी एक माणूस दिवसभर जांभया देते.”

पहिली मोहाची पहाट आई घाबरत गेली. ही अडचण मला मान्य आहे — जिला इतकी वर्षे सांगितले गेले की या वासाने दुखते, तिची भीतीच दुखणे ओढून आणू शकते, आणि झाडाखाली बसलेल्या बाईपासून झाड लपवता येत नाही. ती आली तेव्हा टोपला अर्धा भरलेला होता. दिवसभर ती डोके दुखण्याची वाट पाहत राहिली. मध्येच थांबून कपाळ चाचपायची, जणू चुलीवरचे दूध उतू जाते का बघते आहे. संध्याकाळी वही कोठीत ठेवून आली आणि काहीशी फसवल्यासारखी म्हणाली, “दुखलंच नाई.”

तिसऱ्या मोहाच्या दिवशी मी पायवाटेवर होते आणि मला झाडांच्या पलीकडून तिचे हसणे ऐकू आले. तेच, ओरडून केलेल्या बोलण्याच्या शेवटी येणारे. मी तिथेच उभी राहिले. काही निकाल वहीत येण्याच्या आधीच लागतात. पण मी संख्याशास्त्राची माणूस, मी वहीची वाट पाहिली.

फुले ओसरली त्या दिवशी काकी लसणाची टोपली घेऊन आमच्या अंगणात आली, आईने कोठीतून वही काढली आणि मोठ्याने वाचली. मी बोटांवर मोजत होते. डोके दुखलेले दिवस — मोहाच्या वाट्याला जितके, घरच्या वाट्याला तितकेच. एकही अधिक नाही. आणि एक वगळता प्रत्येक दुखण्याच्या आदल्या संध्याकाळी, चिठ्ठी निघण्याच्या आधीच, आईच्या वाकड्यातिकड्या खुणा हजर होत्या: जांभया, मान, उदबत्तीसुद्धा टोचते आहे. म्हणजे पाहुणा आदल्या दिवशीच निघालेला होता. सकाळी ती मोहाखाली असो की घरात, त्याला फरक पडत नव्हता. एका बाईच्या एका हंगामातून सगळ्या जगाचा सिद्धान्त निघत नाही, हे मी त्याच वेळी मोठ्याने बजावले. माझे कुणी ऐकत नव्हते. काकीने गुडघ्यावर थाप मारली. “म्हन्जे मोह सुटला वो,” ती म्हणाली, जशी कोर्टातून एखाद्या नातेवाइकाची सुटका व्हावी.

मला आजवर मिळालेल्या कोणत्याही गुणपत्रिकेने, कोणत्याही टाळ्यांनी असे वाटले नव्हते. एक झाड निर्दोष ठरले होते, आणि एका बाईला वर्षातले पाच-सहा आठवडे परत मिळाले होते — देवाच्या चिठ्ठीने, चुलत जावेच्या संशयाने आणि कोठीतल्या वहीने.

आईने वही मिटली. “मंग माजं डोकं कायनं दुखते?”

 जेवण चुकलेल्या दिवसांवर थोडा संशय होता, पण तो संशयच, सांगण्याइतका नाही. “माहीत नाही,” मी म्हटले. तिला मी हे दोन शब्द आयुष्यात प्रथमच ऐकवत होते.

 “माईत नाई म्हनाले एवढं शिकाव लागते काय?” ती म्हणाली, आणि काकी इतकी हसली की लसणाची टोपली कलंडली.

खरे तर इथे संपवता आले असते. सगळे खूश होते. माझी जुनी वही ‘चुकली’ होती आणि नवीने ती दुरुस्त केली होती. विज्ञान स्वतःला सुधारते — किती सुंदर वाक्य. त्याच्या आड मी आरामात उभी राहू शकले असते, उरलेले आयुष्य.

दुसऱ्या पहाटे आई शेवटची, उशिरा गळालेली फुले आणायला निघाली, तेव्हा मी सोबत गेले. वाकड्या मोहाखाली, ती वाकून वेचत असताना, मी तिला सांगितले. गाळलेले दिवस. तीन तारखा. सौंदडचे लग्न. चुलीत घातलेली वही. स्कूटीवरच्या मुली. सलग, न थांबता, हंगामाचा अहवाल द्यावा तसे. ती वेचत राहिली. एक-एक फूल. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मग ती पाठ सरळ करून उभी राहिली आणि तिने मला एकच प्रश्न विचारला. वहीबद्दल नाही, झाडाबद्दल नाही.

“त्या दिवशी सडकेवर पोरी हासल्या. तूबी हासली होती काय?”

मी आधीच तुम्हाला सांगितले, सगळ्या हसल्या. तुम्ही तेव्हा मोजले होते का, सगळ्या म्हणजे किती? त्या चार होत्या. मी पाचवी.

“हो,” मी म्हटले.

 आईने फुले टोपल्यात सारखी केली, माझ्या ओढणीची चुंबळ केली आणि ती माझ्या डोक्यावर ठेवली. मग टोपला उचलून त्यावर ठेवला. घरी जायला झाडांमधून पायवाट आहे, जवळची. आम्ही नेहमी तिनेच येतो.

“सडकेनं जाऊ,” ती म्हणाली.

आम्ही सडकेने गेलो. धबधब्याकडे निघालेल्या गाड्या होत्या, काचा खाली होत्या, लोक पाहत होते. टोपला वाटला त्यापेक्षा जड होता आणि मोहाचा रस कपाळावरून भुवईपर्यंत ओघळत होता. आई माझ्या पुढे चालत होती, मोकळ्या हातांनी, उंच. ती मागे वळून पाहत नव्हती. पाहायची गरज नव्हती; ती जिंकलेली होती, आणि मला ते सबंध रस्ताभर दिसत होते.

प्रदर्शनातली दुसरी वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर मी आता लिहिले आहे की हिच्यातले दिवस निवडलेले आहेत आणि तीन तारखा खोट्या आहेत, आणि त्या कोणत्या. खाली सही केली आहे. ती प्रत या आठवड्यात मी मार्गदर्शकांच्या टेबलावर ठेवणार आहे, मुलाखतीत काय बोलले त्याच्या तपशिलासह. त्या तीन रकान्यांत ‘मोहाखाली’ हा शब्द माझ्या हाताने लिहिलेला आहे — निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, पूर्ण जाणिवेने.